गिरणी सुटल्यावरचा माग

माझी बायको गेली त्याला वर्ष होऊन गेलं. लोक भेटतात, म्हणतात, बरं झालं, अंथरुणाला फार खिळली नाही. त्यात बरं काय झालं ते मला अजून कळलेलं नाही. पण ते असो. रडायला म्हणून मी लिहायला बसलेलो नाही. मला दोन यत्ता येतात, त्याही धड नाहीत. लिहिताना बोलण्यातलं मधे मधे येतं, ते तसंच राहू द्यायचं ठरवलं आहे.

लिहायचं कारण पोरगा. परवा म्हणाला, "आता कशाला त्या मागावर बसता? कोण घोंगडी घेतंय आता?" कोणी घेत नाही हे मलाही दिसतं. पण त्याला वाटतं माणूस फक्त विकायला काम करतो. शिकलेला आहे, कचेरीत जातो, पाच वाजले की हात झटकून घरी येतो आणि मग दिवे लागेपर्यंत नुसता बसतो. मी त्याला म्हटलं, "पोटाच्या कामाला लागूनच दुसरं एक काम असावं लागतं बाबा, कुणी सांगितलेलं नाही असं." तो हसला. म्हणून लिहितो. तोंडी सांगितलं की पोरं हसतात, लिहिलेलं असलं की निदान गप्प बसून वाचतात.

आम्ही सांगोल्याकडचे. मेंढरंवाले. इंग्रजाचं राज्य होतं, आणि आमच्याकडं पाऊस लागोपाठ रुसला होता. निम्मी मेंढरं मेली. उरलेली घेऊन बाप आणि थोरला भाऊ नदीच्या अंगाला गेले, आणि घरातली दोन तोंडं कमी व्हावीत म्हणून मला आणि माझ्या नव्या बायकोला सोलापूरला धाडलं. सोलापुरात गिरण्या होत्या. गिरणीत माणूस लागतं एवढंच आम्हाला ठाऊक.

मला सूत खात्यात घेतलं, तेही बदलीवर. बदली म्हणजे सकाळी भोंगा व्हायच्या आधी दाराशी उभं राहायचं, कोणी कामावर आला नाही तर त्याच्या जागी आत जायचं, सगळे आले तर परत फिरायचं. आत गेलो की सुतानं भरलेल्या बॉबिनी काढायच्या आणि रिकाम्या लावायच्या. ते पोरांचं काम. मिसरूड फुटलेला मी एकटाच होतो तिथं. पोरं मला "काका" म्हणायची आणि दात काढायची.

बायको माझ्यापेक्षा हुशार होती, हे मी ती असताना कधी बोललो नाही, आता बोलतो. तिच्या माहेरी मेंढरंही होती आणि घोंगडीचा मागही होता. तिच्या बापाचे गुडघे गेले तेव्हापासून तो बसून विणायचा, आणि त्याला मुलगा नव्हता म्हणून त्यानं लेकीला शिकवलं. आमच्यात बाई लोकर कातते, मागावर बसत नाही. ही बसायची. लग्नात हे कुणी आम्हाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर माझ्या बापानं सोयरीक केली नसती.

सोलापुरात आम्हाला विणकरांच्या गल्लीत एक खोली मिळाली. सगळी तेलुगू बोलणारी माणसं, घराघरात सुती लुगड्यांचे माग. दिवसभर खटक खटक चालायचं. तिला ते ऐकून चैन पडेना. एक दिवस म्हणाली, "आपुन बी घालू की माग."

"कुटं?"

"हितंच. चुलीच्या बाजूला."

घोंगडीचा माग म्हणजे जमिनीत खड्डा करून त्यात पाय सोडून बसायचं असतं. मी घरमालकाकडं गेलो. तो म्हणाला, "घरात खड्डा? कुणाला पुरतोस?" मी म्हटलं, कुणाला नाही, पाय सोडायला पाहिजे. तो म्हणाला, जाताना बुजवून जायचा. लाकूड तिनंच गोळा केलं, खड्डा मी खणला. लोकर गावाकडून येणाऱ्या गाडीवानाबरोबर बाप पाठवायचा. कातून, घोंगडी करून घ्यायला कुणाला तरी देत असतील, असं त्याला वाटायचं. सून स्वतः विणते हे त्याला माहीत नव्हतं.

पहिल्यांदा मी नुसता बघत बसायचो. गिरणी सुटली की घरी यायचं, भाकरी खायची, भिंतीला टेकून तिच्या हातांकडं बघायचं. एक दिवस ती म्हणाली, "बघून पोट भरलं आसंल तर बसा की हितं." मी बसलो. आणि मला पहिल्यांदा कळलं की माझ्या हातांना काहीच येत नाही. मेंढरू उचलता येतं, काठी मारता येते, बॉबिन लावता येते. पण आडवा धागा नेणारा धोटा ताण्याच्या उभ्या धाग्यांतून सरळ पलीकडं जाईना.

"आवो, मेंढरू हाकताय का?" ती म्हणायची. "धोटा फेकायचा नसतो. सोडायचा आसतो."

"सोडला की."

"सोडला न्हाय, ढकलला."

सगळं 'आवो-जावो' घालून बोलायची आणि सोलून काढायची. गल्लीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. समोरचा विणकर येता-जाता दारात थांबायचा आणि मोडक्या मराठीत म्हणायचा, "बायको मास्तर. नवरा बिगरी यत्ता." मी म्हणायचो, "शाळेत मास्तर मारायचा, ही निदान मारत तरी न्हाय." आतून ती म्हणायची, "अजून."

मला ते आवडायला लागलं. का, ते सांगता येत नाही. गिरणीत दिवसभर साच्यांच्या, म्हणजे यंत्रांच्या, आवाजात माणसाला स्वतःचं काही ऐकू येत नाही. घरी मागावर बसलं की एक धागा, मग दुसरा धागा, आणि पुढ्यात वीतभर काहीतरी वाढलेलं दिसायचं. ते कुणी मागितलेलं नव्हतं. कुणी मुकादम वरून ओरडत नव्हता.

मग पाऊस बरा झाला. बाप उन्हाळ्याच्या शेवटाला सोलापूरला आला. घरात न येता दारातच घोंगडी टाकून बसला, त्याला खोलीत गुदमरायचं. मागावर तिनं पोतं टाकून ठेवलं होतं. बाप म्हणाला, "मेंढरं वाढल्यात. थोरल्याला एकट्याला आवरत न्हाईत. घरला चला."

मी म्हटलं, "आबा, हितं काम हाय."

"पक्कं?"

"बदली."

"बदली म्हंजे काम न्हवं. उकिरड्यावरची कोंबडी ती. मिळालं तर टिपायचं." मग म्हणाला, "दसऱ्याला येतो. तवर पक्कं झालं तर ऱ्हा. न्हाय झालं तर गाठोडं बांधून ठेवा."

बाप गेल्यावर ती पोतं काढून मागाशी बसली, पण विणलं नाही. मी विचारलं, तुला काय वाटतं. ती म्हणाली, "मला काय वाटायचं. माग काय मेंढरामागं चालत न्हाय." एवढंच. मेंढरांबरोबर गेलं की आज इथं, उद्या तिथं, पाल ठोकायचं आणि उचलायचं. त्यात खड्डा कुठं खणणार? तिचं विणणं संपणार होतं, आणि हे तिनं एकदाच सांगितलं, परत कधी काढलं नाही. मी मात्र ते विसरलो नाही.

सूत खात्यात पक्कं व्हायला वर्षं लागली असती. पण माग खात्यात माणूस कमी पडत होता. तिथला जॉबर, म्हणजे माग चालवणाऱ्यांचा मुकादम, बार्शीकडचा होता, जाडजूड, डोक्यावर लाल फेटा. मी त्याला दारात गाठलं. म्हटलं, मला माग चालवता येतो.

"कुटं शिकलास?"

"घरी."

"कुणाकडं?"

बायकोकडं म्हणायला जीभ वळेना. म्हटलं, "सासऱ्याकडं." हे निम्मं खरं होतं.

त्यानं एका मागावर उभं केलं. गिरणीचा माग पट्ट्यावर चालतो, आपण फक्त सांभाळायचा. धागा तुटला तर माग थांबवायचा, सांधायचा, परत चालू करायचा. मला वाटलं, यात काय आहे. धागा तुटला. मी दोन्ही टोकं चोळून मोकळी केली, थुंकी लावली, तळहातात वळली आणि सोडलं. घोंगडीत असंच करतात. लोकरीचे केस एकमेकांत शिरतात, थुंकीनं बसतात, आणि वरून चिंचोक्याची खळ असते. सांधा कुठं आहे ते नंतर शोधून सापडत नाही. बायकोनं मला शिकवलेली ही पहिली गोष्ट होती, आणि ती मला छान जमायची.

पण सूत म्हणजे लोकर नाही. सुताला केस नसतात. माग चालू झाला, ताण बसला, आणि माझा सांधा सुटला. सुटलेलं टोक शेजारच्या धाग्यात गुंतलं, तो तुटला. मी तोही थुंकी लावून वळला. मग एकामागून एक. मी थुंकतोय आणि वळतोय, वळतोय आणि थुंकतोय. शेजारच्या मागावरचा माणूस आपला माग सोडून बघायला आला. जॉबर आला तोवर कापडात खिडक्याच खिडक्या.

त्यानं माग बंद केला. कापडावर हात फिरवला. म्हणाला, "हे काय केलंस?"

"सांधलं."

"हे कापड हाय रं मेंढक्या. चाटायला तुजं कोकरू न्हाय."

सगळं खातं हसलं. मीही हसलो असतो, दुसऱ्या कुणाचं असतं तर. त्यानं मला दाराकडं हात दाखवला.

घरी येऊन मी तिला सांगितलं. मला वाटलं होतं ती चिडेल किंवा रडेल. ती हसायला लागली. हसता हसता खाली बसली. मग मला राग आला. मी म्हटलं, "तूच शिकवलंस."

"म्या लोकरीचं शिकवलं," ती म्हणाली. "सुताचं मला तरी कुटं येतंय?" मग हसू आवरून म्हणाली, "शिकू की."

शेजारच्या घरात एक तेलुगू बाई होती. तिचा नवरा लुगडी विणायचा. जुना ताणा संपला की नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्याच्या टोकाला गाठ मारून जोडायचा, म्हणजे माग परत भरावा लागत नाही. ते काम ती करायची. शेकडो धागे, आणि बोटं अशी चालायची की गाठ कधी बसली ते दिसायचं नाही. गाठ बारीक हवी, चपटी हवी, मागाच्या फणीतून अडकल्याशिवाय जायला हवी, आणि ओढली की आणखी घट्ट व्हायला हवी.

बायको तिच्याकडं गेली. भाषा एकमेकींची येत नव्हती. पण त्या बाईला ज्वारीची भाकरी करायला शिकायचं होतं. ते भात खाणारे लोक, आणि तांदूळ महाग झाला होता. तिनं थापलेली भाकरी तव्यावर पडेपर्यंत तिचे तीन तुकडे व्हायचे. मग दोघींचं ठरलं. सकाळी ही तिला भाकरी शिकवायची, दुपारी ती हिला गाठ. भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं. "इट्ला, अक्का, इट्ला," ती म्हणायची, म्हणजे असं. आणि थोड्या वेळानं, "कादु, कादु." हे इतक्या वेळा यायचं की मला न सांगता कळलं, कादु म्हणजे नव्हे. आमची भाकरीच्या वेळी तेच उलटं करायची. "असं न्हवं बाई, कादु."

बायकोला आधी आलं. मग तिनं मला शिकवलं. त्या घरातून मागाला उरलेले ताण्याचे तुकडे यायचे, बोटभर, वीतभर लांबीचे, कशाला उपयोग नसलेले. गिरणी सुटली की मी उंबऱ्यावर बसायचो आणि ते तुकडे एकाला एक जोडत सुटायचो. जोडायचे, ओढून बघायचे, सुटला तर परत. येणारे-जाणारे थांबायचे.

"काय रं, नवस केलायस का गाठींचा?"

"व्हय."

"कुणाला?"

"जॉबरला."

माझी बोटं जाड. मेंढरं राखलेली बोटं. धागा तर्जनीवर धरायचा, दुसरा त्यावर आडवा, अंगठ्यानं दाबायचा, वेढा घालायचा. वाचायला सोपं आहे. दिवसचे दिवस माझ्या गाठी ज्वारीच्या दाण्याएवढ्या व्हायच्या. ती घेऊन बघायची आणि म्हणायची, "ही फणीतनं जाईल, पर फणी मोडून." मग माझ्या हातावर हात ठेवून अंगठा कुठं हवा ते दाखवायची. तिचा हात नेहमी गार असायचा, पाण्यातून काढल्यासारखा. ते मला आता फार आठवतं. बाकी चेहरा वगैरे आठवायला फोटो आहे.

एक दिवस गाठ जमली. का जमली ते कळलं नाही. आधी चुकत होती आणि मग चुकेनाशी झाली. डोळे मिटून मारली, तरी जमली. मी तिला दाखवली तर ती भाकरी थापत होती, पिठाच्या हातानं घेतली, ओढली, आणि म्हणाली, "आता भाकरी शिका." माझी शाबासकी एवढीच.

एक गोष्ट मला त्या उंबऱ्यावर उमगली. गिरणीत मी बॉबिनी लावत होतो तेव्हा मी बॉबिनी लावणारा होतो, दुसरं काही नाही. उंबऱ्यावर बसल्यावर मी काय आहे ते अजून ठरायचं होतं. नुसत्या पोटाच्या कामात माणूस तेवढाच राहतो. त्यात वाईट काही नाही, पुष्कळ भली माणसं तशी राहतात. पण मला ते उरलेले धागे हातात घेतले की बरं वाटायचं, आणि दुसऱ्या दिवशी बॉबिनी लावायलाही जड जायचं नाही.

पेरण्यांच्या दिवसांत माग खात्यातली निम्मी माणसं गावाकडं जायची. जॉबर दाराशी येऊन माणसं शोधायचा. मी पुढं सरकलो. त्यानं ओळखलं.

"थुकणारा का तू?"

"व्हय."

"परत थुकणार?"

"न्हाय. आता गाठ येती."

"बघू," तो म्हणाला, दुसरा कोणी नव्हता म्हणून.

तो दिवस मला फार मोठा वाटला नाही. माग चालू होता, धागा तुटायचा, मी थांबवायचो, गाठ मारायचो, चालू करायचो. कोणी बघायला आलं नाही, कारण बघण्यासारखं काही नव्हतं. सुटायच्या वेळेला जॉबर आला, कापड उलटं करून त्यावर तळहात फिरवला. म्हणाला, "ही गाठ गिरणीतली न्हवं. कुणाची?"

"शेजारणीची."

"कुणाच्या शेजारणीची?"

"आमच्याच. बायकोनं तिच्याकडनं घेतली."

त्यानं मिशीवरून बोट फिरवलं. "सासऱ्याकडं शिकलो म्हनला हुतास."

"ते लोकरीचं."

"घरात आख्खी गिरणी दिसतीय तुज्या," तो म्हणाला. "उद्या ये."

मी दुसऱ्या दिवशी गेलो, आणि तिसऱ्या. माग मिळायचा, कधी मिळायचा नाही. पण गावाकडची माणसं परत यायला लागली तसा मी परत दाराशी उभा राहायला लागलो. पक्कं काही झालं नाही. दसरा आला.

बाप खंडेनवमीला आला. त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. सगळ्या गल्लीत मागांना झेंडूच्या माळा, धोट्यांना कुंकू. आमच्याही मागाला तिनं माळ घातली होती. मी म्हटलं होतं, पोतं टाक. ती म्हणाली, "सणाला माग झाकत्यात व्हय?" आणि झाकला नाही. बाप दारात आला आणि तिथंच थांबला. मागावर निम्मी विणलेली काळी घोंगडी होती.

"ह्यो कुणाचा?"

"आपलाच, मामंजी," ती म्हणाली. पदर सारखा केला आणि उभी राहिली.

"इणतंय कोण?"

"मी. आन हे बी."

बाप माझ्याकडं बघेना. आमच्यात हे शोभणारं नव्हतं. मेंढरं राखणाऱ्याचं पोर बायकोच्या हाताखाली मागावर. मला वाटलं, संपलं. त्यानं विचारलं, "काम पक्कं झालं?"

खोटं बोलता आलं असतं. गिरणीत जाऊन विचारणार होता थोडाच. पण म्हटलं, "न्हाय आबा. कधी माग मिळतो, कधी न्हाय."

बाप आत आला. पहिल्यांदाच आत आला. घोंगडीवर हात फिरवला. लोकर त्यानं ओळखली, आपल्याच मेंढरांची. मग तिला म्हणाला, "तांब्या दे." तिनं दिला. प्यायला मागतोय असं मला वाटलं. पण त्यानं मागावरचा ताण जरा सैल करायला लावला, विणलेल्या घोंगडीत मूठ दाबून खळगा केला आणि त्यात पाणी ओतलं. आमच्याकडं घोंगडी घेताना असंच बघतात. पाणी खालून गळलं नाही तर घोंगडी खरी. पावसात मेंढरांमागं तिच्यावरच भिस्त असते.

पाणी तसंच राहिलं, काळं, चकाकतं. त्यानं खाली हात घालून बघितला, कोरडा निघाला. मग जरा पुढं सरकून, जिथं नुकतं विणलं होतं तिथं दुसरा खळगा केला आणि ओतलं. एक थेंब लोंबला. पडला. मग दुसरा. खड्ड्यात टप टप वाजायला लागलं.

"ह्यो पट्टा कुणाचा?"

"माजा," मी म्हटलं.

"गळतोय."

"गळतोय."

"आन तो पयला?"

"हिचा."

बाप पाण्याकडं बघत बसला. मग तिला विचारलं, जसं मेंढरांच्या बाजारात दुसऱ्या जाणत्याला विचारतात तसं, "ह्येचा गळायचा कधी थांबंल?"

तीही तशीच बोलली, सून म्हणून नाही. "हात बसतोय. धागा ठोकून बसवायचं अजून कळंना. पुढल्या दसऱ्यापत्तूर यील."

"आन गिरणीतलं?"

"त्ये बी त्यालाच लागून यील. गाठ अशीच आली."

बाप उठला. तांब्या तिच्या हातात दिला. म्हणाला, "अर्धं शिकल्यालं माणूस घरला न्हेऊन काय करू? मेंढरामागं चालंल आन ध्यान मागावर. मेंढरं बी जातील आन माग बी." दाराशी जाऊन बसला, तंबाखू काढली. "पुढल्या दसऱ्याला बघू."

दुसऱ्या दिवशी आपट्याचं पान हातावर ठेवून तो गेला. पुढचं थोडक्यात सांगतो. हिवाळ्यात मला माग पक्का मिळाला. पुढं काही वर्षांनी गिरणीत जाड चादरींचे रुंद माग आले, ते चालवायला कुणी तयार होईना, हाताला जड. मला जड ठोकायची घरात सवय होती, मी घेतले. त्याच्याही पुढं, नव्यानं आलेल्यांना शिकवायचं काम माझ्याकडं आलं, तेव्हा मी त्यांना हाकललं नाही, कारण मला घरात कसं शिकवलं होतं ते माझ्या लक्षात होतं. बायकोला गल्लीतल्या घराघरातून ताणा जोडायला बोलावणं यायचं. तेलुगू ती फाडफाड बोलायला लागली, माझ्यावर रागावली की त्याच भाषेत रागवायची, म्हणजे मला उत्तर देता येऊ नये. बाप पुढच्या दसऱ्याला आला, पण परत न्यायचं त्यानं काढलं नाही. मी विचारलंही नाही.

पण मला सांगायचं आहे ते त्याच दसऱ्याच्या दुपारचं. बाप गल्लीच्या वळणापलीकडं गेला. मी दारात उभा होतो, जिवावरचं ओझं उतरल्यासारखा. ती आतून म्हणाली, "आवो, या हिकडं." बघतो तर तिनं माळ बाजूला सरकवली होती आणि मागाशी बसली होती.

"आज दसरा हाय," मी म्हटलं. "हत्यार ठेवायचा दिस."

"हत्यार कुटं घेतलंय? नुसती बोटं हायत." आणि तिनं माझ्या पट्ट्याचा शेवटचा धागा उचलला आणि ओढायला लागली. "बसा. ह्यो समदा काढायचा."

"समदा?"

"गळतोय न्हवं?"

मी खड्ड्यात पाय सोडून तिच्याशेजारी बसलो. ती एका कडेनं धागा काढायची, मी दुसऱ्या कडेनं ओढून घेऊन गुंडाळायचो. ओली लोकर होती, मेंढराचा वास येत होता. बाहेर लोक सोनं वाटत फिरत होते, दारात कोणी आलं की ती बसूनच हात पुढं करायची, पान घ्यायची आणि परत धागा धरायची. संध्याकाळपर्यंत माझा सगळा पट्टा निघाला. तिचा जिथं संपत होता तिथं आम्ही थांबलो.